कराड तालुक्यातल्या गावात सलूनवाला आमच्या वस्तीतल्या पोरांचे केस कापत नाही. तक्रार कुठे नि कशी करायची?

'जात बघून नाही' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. 'मशीन बिघडलंय', 'नंबर लावलेत', हीच उत्तरं. म्हणून पुरावा आधी. सोमवारी जाऊ नका, सुट्टी सांगतील. दोघं जा, एकजण बाहेर थांबा. तुम्हाला परत पाठवल्यावर दहा मिनिटांत दुसरं कोण खुर्चीत बसलं, ते वेळेसकट टिपा. बिघडलेलं मशीन तेवढ्यात दुरुस्त होतं बहुतेक!

अनुसूचित जातीच्या माणसाला दुकानात येण्यापासून अडवणं हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(झेडए) खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. कलम १८अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. ठाण्यात पोलीस 'आधी चौकशी करतो, मग बघू' म्हणाले, तर हेच कलम दाखवा.

खरी चूक फिर्यादीत होते. 'किरकोळ वादावादी' लिहून घेतात नि जातीचा उल्लेखच गळतो. तुमची जात, सलूनवाल्याला ती माहीत असल्याचं, वार, वेळ, साक्षीदार, त्याचे नेमके शब्द, सगळं लिहवून घ्या, वाचा, मगच सही करा. प्रत फुकट मिळते. जातीचा दाखला जोडा. 'त्यांचे कापलेस तर आम्ही येणार नाही' असा दम गावातल्या कुणी दिला असेल, तर त्यांचीही नावं घाला. निम्म्या वेळा सलूनवाला नुसता पुढे केलेला असतो.

ठाण्यात घेतलंच नाही, तर तीच फिर्याद साताऱ्याला पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. नियमाप्रमाणे तपास उपअधीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. मदतीसाठी अत्याचारविरोधी हेल्पलाइन १४५६६.