गावात खुली कार्यशाळा काढायची आहे ना?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या गावी सगळ्यांसाठी खुली कार्यशाळा काढायचं तू मनावर घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटरची कोटेशनं मात्र सध्या बाजूला ठेव. पहिलं वर्ष हातहत्यारांवर काढ. अशी यंत्रं चालवणारा बहुतेक ठिकाणी एकच जण असतो आणि तो नोकरीसाठी बाहेर पडला की यंत्र धूळ खात पडतं. पटाशी, कानस, मल्टिमीटर शिकवायला गावातलाच सुतार, फिटर, वायरमन मिळतो.

एकदा पाबळला जाऊन ये. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा आली, पण तोपर्यंत जवळपास वीस वर्षं मुलं तिथे प्रत्यक्ष काम करत, गावाला उपयोगी पडणाऱ्या गोष्टी बनवत शिकत होती. आधी काय आणि नंतर काय, हे तिथे नीट बघून घे.

जागा पंधरा बाय वीस फुटांची असली तरी भागतं. सहा बाय तीन फुटांचं एक भक्कम टेबल हवं, वर १९ मिलिमीटरचा प्लाय. व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा, टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसव. फळीच्या मध्यावर बसवला तर कानस मारताना फळी थरथरते आणि कड सरळ येत नाही. जबडे उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावेत. लहान मुलांना उभं राहायला रुंद, न डगमगणारा पाट करून घे.

हत्यारं पेटीत ठेवू नकोस. भिंतीवर प्लाय ठोक, प्रत्येक हत्यार खिळ्यावर टांग आणि त्याच्याभोवती ऑइलपेंटने त्याचा आकार रेखून ठेव. बंद करायच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्यांनी मिळून हत्यारं लावायची. रिकामा आकार लगेच नजरेला येतो. पेटीतला दहा नंबरचा पाना हरवला तर महिन्याने कळतं, आणि मग उगाच एकमेकांवर संशय सुरू होतो. आठ जणांच्या गटाला पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर प्रत्येकी चार तरी घे, नाहीतर निम्मा वेळ वाट बघण्यात जातो.

ड्रिलपाशी ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि हातमोजे चालणार नाहीत. हातमोजा बिटमध्ये, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकात, गुंतला तर बोटं ओढली जातात. पत्रा हाताने धरून भोक पाडू देऊ नकोस, कारण बिट आरपार जाताना त्यात अडकतं आणि पत्रा पात्यासारखा फिरतो. खाली लाकूड घालून क्लॅम्प लाव. चष्मा सगळ्यांना. वायरमनकडून अर्थिंग तपासून घे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घे. सोल्डरच्या तारेत शिसं असेल तर त्या टेबलावर खाणंपिणं बंद, उठताना साबणाने हात धुवायचे.

आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघड, पण त्या चुकवू नकोस. चाव्या तिघांकडे असू देत. लागोपाठ दोनदा कुलूप दिसलं की लोक यायचे थांबतात. सुरुवात दुरुस्तीपासून कर, म्हणजे घरून बंद पडलेली वस्तू घेऊन बायकाही येतील, म्हातारी माणसंही येतील. उदाहरणार्थ, हळू फिरणारा छताचा पंखा घे. दोष बऱ्याचदा कपॅसिटरचा, म्हणजे पंख्यातल्या वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा निघतो. जुन्यावर जो आकडा छापलेला असेल, बहुधा २.५ मायक्रोफॅरड, त्याचाच नवा आण. आधी मेन स्विच बंद, मग टेस्टरने खात्री, मग कपॅसिटरमधला साठलेला चार्ज काढून टाकायचा. हे सगळं येणाऱ्याने स्वतःच्या हाताने करायचं. शिकवणाऱ्याने हत्यार हातात घेतलं की शिकणारा नुसता बघत राहतो, म्हणून जाणकारांना हात मागे बांधून उभं राहायला सांग. त्यांना ते फार जड जाईल.

देणगीदार यंत्राला चटकन पैसे देतात, भाड्याला आणि वीजबिलाला सहसा देत नाहीत. म्हणून सहा महिन्यांचं भाडं हाताशी असल्याशिवाय दार उघडू नकोस. मोठ्यांना माफक मासिक वर्गणी ठेव, मुलांना फुकट, सामान लागेल त्या किमतीत. बिट, सँडपेपर, स्क्रू यांवर वाटतं त्याहून जास्त खर्च होतो.

संस्था म्हणून नोंदणी करायची तर किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, अशा दोन्ही नोंदण्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होतात. सातांत नुसती नातेवाईक मंडळी भरू नकोस, देणगीदार बिचकतात. दरवर्षी हिशेब तपासून घे. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत त्याच कार्यालयात बदल अर्ज दाखल कर. तो राहिला, की बँकेत सह्या बदलताना खातं अडकतं आणि भाडं थकतं. सातजणांची यादी झाली की मला पाठव, घटनेचा मसुदा आपण मिळून बघू.