‘अपसेट आहे’ म्हणजे नेमके काय?

“मुलगी सारखी अपसेट असते, हे नैराश्य तर नसेल ना?” हा प्रश्न समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून इतक्यांदा ऐकला आहे, की ओळख पटणार नाही असे तपशील बदलून एक अनुभव येथे मांडत आहे.

ही तरुणी कॉलेजला नियमित जात होती, मैत्रिणींत रमत होती. घरी मात्र जेवतानाही बोलत नव्हती. कोणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले असे : “काही नाही, अपसेट आहे.” पहिल्या काही भेटींत मलाही तेवढेच मिळाले. मग मी म्हटले, “हा शब्द बाजूला ठेव आणि आजीला सांगशील तसं सांग.”

ती बराच वेळ गप्प होती. “राग नाही आला. घर विकायचं ठरलं, आणि मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं.” मग काहीशी ओशाळून म्हणाली, “मी रुसलेय.”

सारे कोडे तिथेच सुटले. परक्यावर आपण चिडतो, रुसतो ते आपल्या माणसावर, आणि कोणीतरी समजूत काढायला येईल ही अपेक्षा रुसव्यातच असते. घरचे मात्र ‘अपसेट’ ऐकून, तिला त्रास नको म्हणून, समंजसपणे दूर राहत होते आणि त्यामुळेच रुसवा वाढत होता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या आणि मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारावर, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीवर, माझा भर असल्याने, ‘मला विचारायलाच हवं होतं’ या हट्टाचे ‘विचारलं असतं तर बरं वाटलं असतं’ या इच्छेत रूपांतर करण्यावर आम्ही पुढे काम केले. ते वाक्य तिने वडिलांना स्वतः ऐकवले. “अगं, तुझी परीक्षा होती म्हणून बोललो नाही,” ते म्हणाले.

पालकांनी ‘का अपसेट आहेस?’ असे खोदून विचारण्याऐवजी रुसलीस का, हिरमोड झाला का, अपमान वाटला का, धास्ती वाटते का, असे शब्द पुढे ठेवावेत. चुकीचा शब्द मुले स्वतःच दुरुस्त करतात. धास्तीला माहिती लागते, अपमानाला दिलगिरी आणि हिरमोडाला बहुधा नुसती सोबत पुरते. मात्र उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकले आणि झोप-भूकही बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर दोन आठवडेही थांबू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो.