शेतातच घर का नाही बांधत?

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, आजीच्या गावात सगळी घरं भिंतीला भिंत लावून का? शेत एवढं लांब, मग शेतातच घर का नाही बांधत?" फोनवर घाईत उत्तर देऊन संपवावा असा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीने लिहितेय.

देशावरचं गाव पाणी बघून वसलं. नदी-ओढ्याजवळ, पण पुराच्या वर, थोड्या उंचवट्यावर. लुटारूंची भीती असायची, म्हणून भोवती गावकूस आणि वेस. शिवाय वाटण्या होत होत रानाचे तुकडे पडले. आपलंच रान तीन ठिकाणी आहे, मग आजोबांनी घर नेमकं कुठल्या तुकड्यात बांधायचं? त्यापेक्षा गावात राहावं आणि भाकरी बांधून रानात जावं, हे बरं. (कोकणात तुला वेगळं दिसेल, तिथे घरं आपापल्या वाडीत, झाडीत विखुरलेली असतात.) विहिरीवर मोटर बसली, वीज आली, तशी देशावरही बरीच कुटुंबं आता वस्तीवर राहायला गेली आहेत.

कॅनडातल्या आपल्या इंडियन हेडची गोष्ट उलटी आहे. सस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायना शहराच्या पूर्वेला जेमतेम ७० किलोमीटरवरचं, दोन हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. इथे बाहेरून शेतकरी यायच्या आधी सरकारी मोजणी झाली. चौरस मैलाचा एक सेक्शन, अशा ३६ सेक्शनचं एक टाउनशिप, म्हणूनच आपले ग्रिड रोड असे पट्टी धरून आखल्यासारखे आहेत. १८७२च्या कायद्याने सेक्शनचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर, १० डॉलर फी भरून मिळायचा. अट एकच मोठी: त्याच जमिनीवर घर बांधून तीन वर्षं राहायचं आणि ती कसायची. शेजारी अर्ध्या मैलावर गेला तो या अटीमुळे. रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांना एकत्र गाव करूनच राहायचं होतं, तर त्यांच्यासाठी कायद्यात सवलत घालावी लागली. जवळजवळ राहायलाही परवानगी लागावी, याचं मला अजून नवल वाटतं.

गाव उभं राहिलं ते १८८२ साली रेल्वे आल्यावर. गहू एलिव्हेटरपर्यंत, म्हणजे स्टेशनजवळच्या धान्याच्या उंच कोठारापर्यंत, आणायचा, तिथून रेल्वेच्या डब्यात भरायचा. डबे शेतकऱ्यांना वेळेवर मिळेनात, तेव्हा १९०१ साली लांबलांबचे शेतकरी इथेच जमले आणि त्यांनी आपली संघटना काढली. पुढारी होते ॲबरनेथी गावचे शेतकरी मदरवेल. शेजारच्या सिंटालुटाच्या स्टेशन एजंटवर त्यांनी या डब्यांवरूनच खटला भरला आणि जिंकला. तू त्या स्टेशनच्या गावावरून नेहमी जातेस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता एक गोष्ट, जी मला तुझ्यापासून लपवायची नाही. आजीच्या गावातली ती जवळीक सगळ्यांसाठी नव्हती. दलितांची घरं गावकुसाबाहेर होती आणि पिढ्यान् पिढ्या त्यांना गावच्या आडावर पाणी भरू देत नसत. आणि इथली ही 'मोकळी' जमीन मोकळी नव्हती. १८७४ साली फोर्ट क्वापेलला क्री, सोतो आणि नाकोडा या इथल्या मूळ रहिवाशांशी सरकारचा करार झाला. पुढे बायसन, म्हणजे इथले रानगवे, संपले, उपासमार आली, आणि सरकारने नाकोडांना दूरच्या सायप्रस हिल्समधून हलवून आणलं. सिंटालुटाच्या दक्षिणेचं कॅरी द केटल हे राखीव क्षेत्र त्यांचंच. तुझ्या वर्गातली तिथली मुलं पाहुणी नाहीत, आपण नंतर आलेले आहोत.

उद्या आजोबांबरोबर रानात जाशील तेव्हा तिन्ही तुकडे चालून बघ. कुठला कुणाच्या वाटणीत आला ते विचार, आणि वेशीबाहेरच्या वस्तीत पूर्वी पाणी कुठून यायचं तेही विचार. आजोबांना आठवतं, ते सांगतील. वहीत लिहून ठेव.

तुझी,
आई