कारखान्यातील प्रकल्प आणि शाश्वततेचा हिशोब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी उद्योगांसोबत केलेल्या शाश्वततेच्या प्रकल्पांविषयी या वेळी विद्यार्थी, मार्गदर्शक आणि कंपन्यांतील अभियंते या तिघांकडूनही पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे पाच विद्यार्थी आहोत. ज्या कंपनीसोबत प्रकल्प ठरला आहे, तिने ‘कारखान्याचा ऊर्जावापर कमी करण्याचा आराखडा द्या’ एवढाच विषय दिला आहे. हाती दोन सत्रे आहेत. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : कंपनीने तुम्हाला विषयाचे क्षेत्र दिले आहे, विषय अजून ठरायचा आहे. तो ठरवणे हे तुमच्या प्रकल्पाचे पहिले काम आहे, आणि आमच्या मते त्यावरच पुढचे बरेचसे यश अवलंबून राहते. पहिले काही आठवडे उपाय सुचवण्याचा मोह आवरावा आणि वीज व इंधन नेमके कोठे खर्च होते, ते प्रत्यक्ष कारखान्यात फिरून, मीटर वाचून आणि यंत्रे चालवणाऱ्या कामगारांशी बोलून समजून घ्यावे. कोणते यंत्र रिकामेच चालू राहते आणि कोणती झडप वर्षानुवर्षे अर्धवट बंद आहे, हे यंत्रचालकाला बहुधा ठाऊक असते; त्याला कोणी विचारलेले नसते इतकेच. त्यानंतर एकच उपप्रणाली निवडावी.

उदाहरणार्थ, कॉम्प्रेस्ड एअर, म्हणजे अवजारे चालवण्यासाठी कॉम्प्रेसरने दाबलेली हवा, हा विषय विद्यार्थ्यांच्या गटाला फार चांगला झेपतो. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जातो आणि हवेवर चालणाऱ्या अवजारापाशी साधारण १० ते १५ टक्केच उपयुक्त काम मिळते. त्यामुळे गळणारी हवा ही कारखान्यातील अतिशय महागड्या ऊर्जेची गळती ठरते. लोड-अनलोड पद्धतीचा (दाब घटला की लोडवर जाऊन हवा भरणारा आणि दाब पुरेसा झाला की अनलोड होऊन नुसता फिरणारा) कॉम्प्रेसर असेल तर गळती मोजायला फारशी उपकरणेही लागत नाहीत. उत्पादन थांबलेले असताना, हवा वापरणारी सर्व यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवावा आणि तो किती वेळ लोडवर जातो व किती वेळ अनलोड राहतो, याची काही चक्रे घड्याळ लावून नोंदवावीत. दहा मिनिटांच्या चक्रात तो अडीच मिनिटे लोडवर जात असेल, तर त्याच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा कोणतेही काम न करता गळून जात आहे. गळत्या बुजवल्यावर हीच चाचणी पुन्हा करता येते, आणि प्रकल्पाचे फळ कंपनीसमोर एका आकड्यात ठेवता येते.

उपायाआधीची स्थिती मोजताना एक गोष्ट मात्र काटेकोरपणे सांभाळावी. मागील वर्षाचे वीजबिल आणि या वर्षाचे वीजबिल यांची सरळ वजाबाकी करू नये, कारण दोन्ही वर्षांचे उत्पादन सारखे नसते. ‘प्रति टन वीज’ हे माप त्याहून बरे असले, तरी तेही फसवू शकते. दिवे, पंखे, कॉम्प्रेसर आणि भट्ट्या यांचा काही वापर उत्पादन कमी असले तरी चालूच राहतो, म्हणून उत्पादन घटले की प्रति टन आकडा आपोआप फुगतो. आडव्या अक्षावर दर आठवड्याचे उत्पादन आणि उभ्या अक्षावर त्या आठवड्याचा वीजवापर मांडून रेषा काढली, तर ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा म्हणजे उत्पादन शून्य असतानाही खर्च होणारी वीज होय. अनेक कारखान्यांत बचतीची सर्वांत सोपी संधी याच आकड्यात असते. ऊर्जा व्यवस्थापनाचे आयएसओ ५०००१ हे मानक २०११ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यातही अशी आधाररेषा ठरवणे आवश्यक मानले आहे. ती काढल्याशिवाय बचतीचा दावा करू नका.

प्रश्न : पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून वेग २० टक्के कमी केल्यास वीज जवळपास निम्मी लागेल, असे आम्ही अहवालात लिहिले. कंपनीच्या देखभाल विभागातील अभियंत्यांनी ते अमान्य केले. नियम तर पाठ्यपुस्तकातलाच आहे. मग चूक कोणाची?

उत्तर : तुमचा नियम बरोबर आहे, तो जिथे लावला ती जागा तपासायला हवी. प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ०.८ चा घन ०.५१२ येतो आणि निम्म्या विजेचे गणित जमते. पण हे गणित पंखे किंवा बंद चक्रात फिरणारे पाणी अशा ठिकाणी लागू पडते, जिथे पंपाची सारी मेहनत घर्षणावर मात करण्यात जाते. तुमचा पंप पाणी उंचावरील टाकीत चढवत असेल, तर चित्र पूर्ण बदलते.

समजा, टाकी २० मीटर उंच आहे आणि पूर्ण वेगाने चालणारा पंप प्रवाह बंद असताना जास्तीत जास्त ३० मीटर हेड देतो, म्हणजे पाणी तेवढ्या उंचीपर्यंत चढवण्याइतका दाब देतो. वेग ८० टक्के केल्यावर हे कमाल हेड ३० गुणिले ०.६४, म्हणजे १९.२ मीटर उरते. वीस मीटर उंचीवर पाणी चढणारच नाही. पंप जागच्या जागी पाणी घुसळत राहील आणि तापेल. या पंपाचा वेग साधारण ८२ टक्क्यांच्या खाली नेताच येत नाही. शिवाय एक घनमीटर पाणी २० मीटर उचलण्यासाठी सुमारे ०.०५५ किलोवॅट-तास ऊर्जा लागतेच; पंप हळू चालवल्याने तो हिस्सा कमी होत नाही, कमी होते ते घर्षण आणि झडपेतील नुकसान. तेव्हा आधी पंपाचा आणि पाइपप्रणालीचा वक्र (कोणत्या प्रवाहाला पंप किती हेड देतो आणि पाइपांना किती लागते) एकाच आलेखावर काढा. असेही दिसू शकेल की व्हीएफडीपेक्षा इम्पेलर (पंपातील फिरते पातीचक्र) थोडा कापून घेणे किंवा योग्य आकाराचा पंप बसवणे अधिक हिताचे आहे. देखभाल विभागाचा आक्षेप हा तुमच्या प्रकल्पाला मिळालेला सर्वांत मोलाचा अभिप्राय आहे, आणि तो अहवालात त्यांच्या श्रेयासह नोंदवावा असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या गटाने एका उत्पादनासाठी प्लॅस्टिकऐवजी कागदी वेष्टन तयार केले. कंपनीला अहवालात ‘नवे वेष्टन पर्यावरणपूरक आहे’ असे स्पष्ट विधान हवे आहे. ते लिहावे का?

उत्तर : कशाच्या तुलनेत, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या टप्प्यापर्यंत, हे सांगता येत नसेल तर लिहू नये. जीवनचक्र मूल्यांकनाची, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत वस्तूचा पर्यावरणीय भार मोजण्याची, शिस्त याच प्रश्नातून जन्माला आली. या पद्धतीच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक अभ्यास कोका-कोला कंपनीने १९६९ मध्ये पेयाच्या निरनिराळ्या पात्रांची तुलना करण्यासाठीच करवून घेतला होता. आज आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानके त्याची चौकट ठरवतात.

त्यांतील सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे तुलनेचे एकक ठरवणे. एक किलो कागदाची तुलना एक किलो प्लॅस्टिकशी करणे निरर्थक आहे, कारण वेष्टनाचे काम वजन भरणे हे नसते. ‘ठरावीक प्रमाणातील उत्पादन इतके दिवस खराब न होता वापरणाऱ्यापर्यंत पोचवणे’ असे काम ठरवले, की त्यासाठी कोणते वेष्टन किती लागते ते पाहता येते, आणि आतील वस्तू खराब होण्याचे प्रमाणही हिशोबात येते. वेष्टन हलके पण वस्तू अधिक वाया जाणारी असेल, तर एकूण नुकसान वाढू शकते, कारण वस्तू बनवण्याचा पर्यावरणीय भार वेष्टनापेक्षा बहुधा कितीतरी मोठा असतो. कागदाला लागणारे पाणी, ओलावा रोखण्यासाठी त्यावर दिलेला थर आणि त्या थरामुळे पुनर्वापर प्रक्रियेत येणारी अडचण यांचाही विचार हवा. एका निकषावर सरस ठरलेला पर्याय दुसऱ्या निकषावर मागे पडणे हे या अभ्यासांत नेहमीचेच आहे, आणि ते लपवू नये.

दुसरी बाब अशी की, ‘आमचे उत्पादन अमुक उत्पादनापेक्षा चांगले’ असा तुलनात्मक दावा जनतेसमोर मांडायचा असेल, तर आयएसओ १४०४४ नुसार संबंधित पक्षांच्या समितीकडून त्याची चिकित्सक तपासणी व्हावी लागते. विद्यार्थ्यांच्या अहवालाला ती तपासणी क्वचितच लाभते. म्हणून तुमचा अहवाल कंपनीच्या अंतर्गत निर्णयासाठी आहे, जाहिरातीसाठी नाही, हे पहिल्याच पानावर लिहून घ्या. कंपनीने आग्रह धरला तर मार्गदर्शकांना पुढे करा. हा भार विद्यार्थ्यांनी एकट्याने वाहू नये.

प्रश्न : मी मार्गदर्शक प्राध्यापक आहे. कंपनी गोपनीयता करारावर सही मागते. विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायचा असतो, मौखिक परीक्षा द्यायची असते, शोधनिबंधही लिहायचा असतो. हे कसे जुळवावे?

उत्तर : काम सुरू होण्याआधी, लेखी. करारात तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात : कंपनीकडे आधीपासून असलेले ज्ञान, प्रकल्पातून निर्माण होणारे ज्ञान आणि मूल्यमापनासाठी आवश्यक असलेला मजकूर. यातील तिसऱ्या गोष्टीवर तडजोड करू नये. परीक्षकांना गोपनीयतेचे बंधन घालता येते, पण परीक्षाच होऊ नये असे बंधन घालता येत नाही. प्रसिद्धीसाठी कंपनीला मसुदा पाहण्याची ठरावीक मुदत द्यावी आणि मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाईल, असे कलम घालावे. पेटंटची शक्यता असेल तर अर्ज आधी आणि भाषण नंतर, हा क्रम पाळावा. युरोपीय पेटंट व्यवस्थेत अर्जापूर्वी जाहीर केलेली कल्पना सामान्यतः नवी मानली जात नाही. विद्यार्थी हा कंपनीचा किंवा विद्यापीठाचा कर्मचारी नसतो, त्यामुळे त्याच्या कामाचे हक्क कोणाकडे जातील हे गृहीत न धरता त्याला समजावून सांगून त्याची सही घ्यावी. खरे आकडे गोपनीय असल्यास ते गुणोत्तराच्या रूपात देता येतात. पद्धत आणि निष्कर्ष त्यामुळे झाकले जात नाहीत.

प्रश्न : कंपनीला सर्व यंत्रांचा ऊर्जावापर दाखवणारा डॅशबोर्ड हवा आहे. हा शाश्वततेचा प्रकल्प म्हणता येईल का?

उत्तर : पडद्यावरील आकडा पाहून कोण, केव्हा, कोणता निर्णय घेणार आहे, हे लिहून देता आले तर म्हणता येईल.

प्रश्न : मी एका कंपनीत अभियंता आहे. विद्यार्थी येतात, चार-सहा महिने माहिती मागतात, अहवाल देऊन जातात आणि तो कपाटात राहतो. आम्हाला यातून काय मिळते?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, पण तिचे उत्तर काही अंशी तुमच्याच हाती आहे. अमेरिकेतील हार्वे मड महाविद्यालयात १९६३ पासून चालत आलेल्या ‘क्लिनिक’ उपक्रमाकडे पाहावे. तेथे कंपनी शुल्क भरून आपली खरी अडचण देते, विद्यार्थ्यांचा छोटा गट शैक्षणिक वर्षभर त्यावर काम करतो, आणि कंपनीकडून एक ठरलेली व्यक्ती त्या गटाच्या सतत संपर्कात राहते. आमच्या मते यातील ठरलेली व्यक्ती हाच कळीचा भाग आहे. आठवड्याला एक तास देणारा, माहिती मिळवून देण्याचा अधिकार असलेला आणि प्रकल्प संपल्यावरही कंपनीत राहणारा एक अभियंता नेमलात, तर अहवालाला कारखान्यात वारस मिळतो. विद्यार्थ्यांकडे मात्र शेवटच्या महिन्यात सादरीकरणाइतकेच हस्तांतरणाचे कागद मागा : मोजमापे कोठे आणि कशी घेतली, गणनपत्रकातील प्रत्येक गृहीतक कोठून आले, आणि उपायाची देखभाल कोणी करायची. आणि त्यांना फक्त कंटाळवाणी कामे देऊ नका. जो प्रश्न तुम्हाला खरोखर सतावतो पण रोजच्या धावपळीत ज्याला हात लावता येत नाही, तो द्या.

प्रश्न : आमच्या कारखान्यातून ६० अंश सेल्सिअसचे पाणी सतत वाया जाते. त्यातून वीज निर्माण करण्याचा प्रकल्प आम्ही घेतला, पण गणित कशानेच जमत नाही. सत्र संपत आले आहे. प्रकल्प फसला असे मानावे का?

उत्तर : गणित जमत नाही, कारण निसर्गनियमच आड येतो. भोवतालचे तापमान २५ अंश धरले, तर ६० अंशांच्या उष्णतेतून आदर्श यंत्रालाही सुमारे साडेदहा टक्क्यांहून अधिक काम मिळवता येत नाही, आणि पाणी थंड होत जाते तशी ही मर्यादा आणखी खाली येते. एक घनमीटर पाणी ६० वरून ४० अंशांवर आणल्यास सुमारे २३ किलोवॅट-तास उष्णता मिळते. तिच्यातून आदर्श यंत्राने मिळणारी वीज मात्र दोन किलोवॅट-तासांहूनही कमी असते, आणि प्रत्यक्ष यंत्र त्याच्या काही अंशानेच देईल. हे तुम्ही स्वतः सिद्ध केले असेल, तर कंपनीची मोठी गुंतवणूक तुम्ही वाचवली आहे. हा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत लिहा.

पण तेवढ्यावर थांबू नका, कारण उरलेल्या आठवड्यांत करण्याजोगे महत्त्वाचे काम शिल्लक आहे. तीच २३ किलोवॅट-तास उष्णता उष्णता म्हणूनच वापरली, तर तिचा बराच मोठा भाग कामी येतो : बॉयलरला जाणारे थंड पाणी आधी तापवणे, धुलाईचे पाणी कोमट करणे, वाळवणीच्या हवेला उब देणे. कारखान्यात ४०-५० अंशांची उष्णता कोठे कोठे लागते याची यादी करा आणि प्रत्येक जागेसमोर अंतर व वेळ लिहा. वाया जाणारे पाणी दिवसा आणि गरज रात्री असेल, तर साठवणीची टाकी किती मोठी लागेल ते काढा. पाणी गढूळ किंवा क्षारयुक्त असेल तर हीट एक्स्चेंजरवर (एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणावर) थर साचतो, म्हणून पाण्याचा नमुना तपासून घ्या. अहवालाच्या शेवटी कोणत्या अटींवर हा उपाय परवडेल तेही द्या : पाण्याचे तापमान किती असावे, वर्षातून किती तास गरज असावी, आणि वापराची जागा किती अंतरापर्यंत असावी. पुढील वर्षीच्या गटाला काम तेथून सुरू करता येईल.