नवऱ्याने न विचारता दागिने गहाण टाकले, आता काय करू?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. लग्नाला ९ वर्षं झालीत, पुतणीच्या लग्नाला ठुशी काढायला कपाट उघडलं तर डबा रिकामा, मग कळलं की पाटल्या, बांगड्या, ठुशी, मोहनमाळ सगळं नवऱ्याने दुकानाच्या उधारीपायी पतसंस्थेत ठेवलंय आणि सासूबाई म्हणतात घरचंच सोनं आहे, घरासाठीच लागलं. तुम्हाला घर मोडायचं नाही, सोनं मात्र परत हवंय.

पहिलं म्हणजे माहेरचं आणि लग्नात सासरच्यांनी तुम्हाला घातलेलं, दोन्ही तुमचं स्त्रीधन, नवऱ्याचा त्यात हिस्सा नाही. प्रतिभा राणी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८५ लाच हे सांगितलंय. २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळच्या एका केसमध्येही हेच, तिथे नवऱ्याने बायकोचं सोनं सांभाळायला म्हणून घेऊन आईकडे दिलं आणि ते कर्ज फेडण्यात गेलं, कोर्टाने बायकोला २५ लाख द्यायला लावले. अडचणीत नवरा वापरू शकतो हो, पण परत द्यायची जबाबदारी त्याचीच. मोहनमाळ मात्र तुम्ही म्हणता तशी सासूबाईंची, सणाला घालायला दिलेली असेल तर ती तुमच्या स्त्रीधनाच्या यादीत घेऊ नका, एका खोट्या दाव्यापायी बाकीचे खरेही संशयात येतात.

लगेच पोलिसात जाऊ नका असं माझं मत. विश्वासघाताचा गुन्हा, म्हणजे जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) ४०६ आणि आता भारतीय न्याय संहितेचं ३१६ कलम, लागू शकतं, पण एकदा एफआयआर झाली की घरात बोलणंच बंद होतं. आधी सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो-व्हिडिओ गोळा करा आणि नवऱ्याला शांतपणे व्हॉट्सॲपवर विचारा, कधी सोडवणार म्हणून. तो "दिवाळीपर्यंत सोडवतो" असं लिहून गेला तरी ती कबुलीच झाली, चॅट जपून ठेवा.

गहाणाच्या पावतीचा फोटो काहीही करून मिळवा, त्यावर खाते नंबर आणि मुदत असते. हप्ते थकले की लिलावाची नोटीस कर्जदाराच्या नावाने येते, तुमच्या नाही, आणि बायकांना कळतं तेव्हा सोनं विकलं गेलेलं असतं, हे मी फार वेळा बघितलंय. म्हणून पतसंस्थेला आजच लेखी अर्ज द्या की हे दागिने माझे आहेत, पोच घ्या.

एवढं करूनही तो टाळत असेल तर घरगुती हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा, स्त्रीधन परत द्यायचा आदेश कलम १९ मध्ये मिळतो, त्यासाठी घर सोडावं लागत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

नवऱ्याचं कर्ज बायकोवर आपोआप येत नाही, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असलात तरच. कर्ज रिन्यू करताना "इथे फक्त एक सही कर" म्हणतील, ती करू नका.