ना-नफा आर अँड डी कंपनी म्हणजे काम फुकटात होतं का? वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीत आमचं छोटं डाय इंटरमीडिएटचं, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांचं, युनिट आहे.

नाही, फी द्यावीच लागते, ना-नफाचा अर्थ एवढाच की वर्षाअखेरी जे उरेल ते भागधारकांना डिव्हिडंड म्हणून वाटता येत नाही, संस्थेच्या कामातच परत घालावं लागतं. अशा कंपन्या 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 8 खाली नोंदवतात, आधी 1956 च्या कायद्यात तेच कलम 25 होतं, आणि तिथेही केमिस्टचे पगार, जीसी-एचपीएलसी या तपासणीच्या मशिन्सचा खर्च निघायला हवाच ना. आपल्या वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातली एर्डाच बघा, इलेक्ट्रिकलवाल्यांची ना-नफा संस्था, पण टेस्टिंगचे पैसे घेतेच. मी नंदेसरीतच प्रोसेस बघतो, बाहेरून काम करून घेणं नेहमीचंच आहे, त्यामुळे सांगतो की फीपेक्षा जास्त भांडण करारावरून होतं. सही करण्याआधी हे लिहून घ्या:

- पेटंट कुणाच्या नावावर, आणि हीच प्रोसेस ते शेजारच्या युनिटला देऊ शकतात का
- ट्रायल कुठपर्यंत, फक्त लॅबच्या फ्लास्कमध्ये की पायलट (चाचणीच्या) रिअॅक्टरमध्ये पण

दुसरा मुद्दा हलक्यात घेऊ नका. नायट्रेशनसारखी गरम होणारी रिअॅक्शन फ्लास्कमध्ये बर्फावर शहाण्यासारखी वागते, पण रिअॅक्टर मोठा झाला की मालाच्या मानाने जॅकेटचा (बाहेरून थंड करणाऱ्या आवरणाचा) पृष्ठभाग कमी पडतो आणि टेंपरेचर हाताबाहेर जाऊ शकतं, मग लॅबचा सुंदर रिपोर्ट काय कामाचा.

फक्त एक, सरकारी ग्रँटमधून चाललेला प्रोजेक्ट असेल तर तुमचा वाटा कमी होऊ शकतो, पण तेव्हा पेटंटच्या अटी ग्रँट देणाऱ्याच्या असू शकतात, त्या आधी मागून वाचा.