‘बघू’ कोण म्हणालं होतं?

प्रश्न : सोसायटीने मला दिलेली पार्किंगची जागा बाल्कन्यांच्या खाली आहे. वरच्या सज्जातून पाणी ठिबकून बॉनेटवर पांढरे ओघळ पडायचे, म्हणून चार महिन्यांपूर्वी मी सेक्रेटरींना मेसेज केला. ‘बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ,’ असं उत्तर आलं. गेल्या आठवड्यात रात्री चौथ्या मजल्याच्या सज्जाचा मोठा पोपडा सुटून गाडीवर पडला. टपाला खोल पोचा आला, पुढची काच तडकली. कमिटी म्हणते, ‘गाडी आपापल्या जबाबदारीवर लावावी’ अशी पाटी आहे आणि सज्जा त्या फ्लॅटवाल्यांचा. फ्लॅटवाले म्हणतात, बाहेरची बाजू सोसायटीची. विम्याचा क्लेम करू की यांच्याकडून वसूल करू? गाडी धुऊन गॅरेजला टाकायची आहे.
– एक वाचक

उत्तर : हे छापून येईपर्यंत तुम्ही गाडी धुऊन मोकळे झाला असता, म्हणून संपादकांकरवी आधीच निरोप धाडला होता : धुऊ नका आणि पडलेले तुकडे झाडून टाकू नका. पोहोचला असेल अशी आशा आहे.

मी अठ्ठावीस वर्षं विमा कंपन्यांसाठी गाड्यांचा सर्व्हे केला. असल्या केसमध्ये मी आधी पोचा बघायचो नाही, तुकडा उलटा करून बघायचो. फुटलेली बाजू स्वच्छ असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यावर तांबूस डाग आणि सळईची खाच उमटलेली असेल, तर तो तुकडा त्या रात्री पडला खरा, पण सुटायला कधीचा लागला होता. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, तसा हा गुण उतरत जातो. मग पाणी पोहोचलं की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि ती तो काँक्रीट फोडूनच मिळवतो. हे एका रात्रीत होत नाही. तेव्हा ‘अचानक पडलं हो’ असं कोणी म्हणालं, तर तुकडा पुढे करा.

तुमचे पांढरे ओघळ हा त्याच गोष्टीचा आधीचा भाग. पाणी काँक्रीटमधून झिरपताना त्यातला चुना विरघळवून आणतं आणि तो गाडीवर सुकून बसतो. म्हणजे पाणी सज्जातून आरपार येतंय, हे तुमच्या बॉनेटवर चार महिने लिहिलेलं होतं. त्या ओघळांचेही जवळून फोटो काढा. (नंतर ते कोरडे खरवडू नका. पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरचं फडकं थोडा वेळ ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. तरी डाग राहिला तर पॉलिश, पण बेताने. रंगावरचा पारदर्शक थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाच असतो.)

आता जबाबदारी. १८६३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यायालयापुढे ‘बर्न विरुद्ध बोडल’ असा खटला आला. लिव्हरपूलमध्ये रस्त्याने चाललेल्या माणसावर गोदामाच्या वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप पडलं होतं. पडताना नेमकं काय चुकलं, हे त्याला सिद्ध करता येईना. न्यायालयाने म्हटलं, पिंपं आपोआप खिडकीतून पडत नाहीत. काळजी घेतली होती हे गोदामवाल्याने दाखवावं. सज्जेही आपोआप गळून पडत नाहीत. पण तुम्हाला पिंपाचीसुद्धा गरज नाही, तुमच्याकडे ‘बघू’ आहे. धोका माहीत असून हात न लावणं आणि धोका माहीतच नसणं, यांत भरपाईच्या बाबतीत मोठा फरक पडतो. तो मेसेज फोन बदलताना उडायच्या आत जपून ठेवा.

पाटीचं म्हणाल तर तिचं वजन कमिटीला वाटतं तेवढं नसतं. जागा त्यांनीच नेमून दिली, दुरुस्तीही त्यांच्याच हाती. नुसत्या पाटीने हलगर्जी धुऊन निघत नाही. सज्जा कोणाचा, हे भांडण तुम्ही सोडवत बसू नका. दोघांनाही एकाच दिवशी एकच पत्र द्या : काय पडलं, कधी पडलं, आधी कधी कळवलं होतं, दुरुस्तीचा अंदाज किती, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं. सोसायटीच्या नियमावलीत इमारतीची बाहेरची बाजू कोणाकडे दिलीय, तेवढं कलम जोडा. सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय का, तेही विचारा. कधी कधी कमिटी भांडत बसते आणि पैसे त्या पॉलिसीतून मिळणारे असतात.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडणार नाही. पाणी ठिबकतंय हे ठाऊक असून तुम्ही तिथेच गाडी लावत होतात, असं ते म्हणतील आणि त्यात थोडं तथ्य आहे. दुसरी जागा मागितली होती आणि मिळाली नाही, असं असेल तर पत्रात जरूर लिहा. नसेल तर रक्कम थोडी कमी होऊ शकते, याची तयारी ठेवा.

विमा की वसुली? पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर प्रश्नच मिटला, कारण तिच्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान येत नाही. सर्वसमावेशक असेल तर क्लेम करा, पण सोसायटीला लिहिलेलं पत्रही विमा कंपनीला द्या. तुम्हाला पैसे दिल्यावर दोषी पक्षाकडून ते वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. म्हणूनच कंपनीला न विचारता कमिटीकडून थोडे पैसे घेऊन ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. इथे पुष्कळ जण फसतात. क्लेममधून कापली जाणारी तुमच्या वाट्याची रक्कम आणि बुडालेला नो क्लेम बोनस सोसायटीकडे मागता येतो. एकच नुकसान दोनदा नाही.

गॅरेजमध्ये काचेवर थांबू नका. १२ मीटरवरून सुटलेला तुकडा ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. टपाचा पत्रा दबला असेल तर खांब, दारांच्या फटी, काचेचं रबर, सगळं तपासून घ्या. काचेमागे कॅमेरा असेल तर नवी काच बसवल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा नेमका जुळवणं, अंदाजपत्रकात धरलंय का, बघा.

मी काही गावाला अक्कल शिकवायला बसलेलो नाही. माझ्याच गच्चीच्या कठड्याची वीट शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडली होती. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, आणि मी, इतरांच्या गाड्यांवरचे तुकडे उलटे करून बघणारा, दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणालो होतो. पैसे भरले. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

तोवर गाडी दुसरीकडे लावा. उरलेला सज्जा काठीने ठोकून कुठे पोकळ वाजतो ते बघायला आणि खालची जागा दोरी बांधून अडवायला कमिटीला सांगा, लेखी. त्या खालून माणसंही जातात.